सौम्य पातळी

रेणुका भामरेचा चष्मा मोडला तो प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी. तोंड धुताना तिनं तो काठावर ठेवला, कोपराचा धक्का लागला आणि फरशीवर पडून त्याची उजवी काडी मुळापासून निखळली. दुसऱ्या कुणाचा चष्मा मोडला असता तर त्याला थोडं धूसर दिसलं असतं, एवढंच. रेणुकाचा मोडला तेव्हा तिच्याभोवतीची सगळी माणसं एकदम मुकी झाली. त्यांचे ओठ हलत होते, हातवारे होत होते आणि त्यांतून काहीही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तिला ऐकू येत नव्हतं. अडीच-तीन वर्षांपूर्वी मेंदूज्वरातून ती वाचली, पण दोन्ही कान गेले. कानाच्या आतल्या पोकळीत हाड धरल्यामुळे शस्त्रक्रियेचाही उपयोग होणार नव्हता. तोवर अक्षरचष्मे बाजारात चांगले रुळले होते. चष्म्याच्या चौकटीत बारीक मायक्रोफोन असत. समोरचा माणूस बोलू लागला की त्याचं बोलणं त्याच्या खांद्याशेजारी हवेत तरंगल्यासारखं अक्षरांत उमटे. माणूस ओळखीचा असला तर यंत्राला त्याचा आवाज पाठ झालेला असे, मग चुका जवळजवळ होतच नसत. त्या चष्म्याच्या जोरावर रेणुका नाशिकमधल्या आपल्या जुन्या नोकरीवर परतली होती. निर्यातीच्या द्राक्षांत फवारलेल्या औषधाचा अंश किती उरला आहे, ते तपासण्याचं तिचं काम होतं.

दुपारची सुट्टी घेऊन ती शरणपूर रस्त्यावरच्या दुकानात गेली. तिथल्या तबस्सुम नावाच्या मुलीनं मोडकी काडी पाहिली आणि कागदावर लिहून दाखवलं, ‘सुटा भाग मागवावा लागेल. आठवडा जाईल.’ मग तिनं ड्रॉवरमधून एक जाड काळी चौकट काढून रेणुकाच्या हातात दिली.

“तोवर हा वापरा,” काळ्या चष्म्यात अक्षरं उमटली. “दुकानाचा आहे. दिसायला बरा नाही, पण काम करतो. तुमच्या माणसांचे आवाज तेवढे भरून देते यात.”

माणसं पुन्हा बोलू लागली होती. रेणुकाचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. कदम नावाचे तिचे सहकारी टेबलाशी आले आणि नेहमीसारखे हसत काहीतरी बोलले. त्यांच्या खांद्यापाशी अक्षरं आली: “झाले का नमुने? सकाळपासून किती वेळा विचारायचं? यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.”

रेणुका बघतच राहिली. कदम म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यात गोड माणूस. ‘रेणुकाताई, सावकाश होऊ द्या, घाई नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिनं चष्मा काढला, काचा ओढणीनं पुसल्या आणि पुन्हा लावला. कदम अजून हसतच होते.

“कदम, काही म्हणालात?”

“काही नाही, काही नाही. जेवून घ्या तुम्ही,” अक्षरं म्हणाली, आणि मग जरा थांबून, “उगाच बोललो.”

‘दुकानाचा चष्मा आहे, कदमांच्या बोलण्याची त्याला सवय नसेल,’ असं तिनं मनाशी म्हटलं. नवऱ्याच्या, म्हणजे तुषारच्या, बोलण्यात काही वेगळं दिसतं का, ते तिला बघायचं होतं. पण चष्मा मोडला त्या दिवशी सकाळीच तो कंपनीच्या कामाला छत्रपती संभाजीनगरला गेला होता आणि रविवारी संध्याकाळी परतणार होता. म्हणून रविवारी ती एकटीच नानांना भेटायला निघाली.

नाना, म्हणजे दिगंबर शेवाळे, तिचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सिन्नरला स्वतः बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात ते एकटे राहत. मागच्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. जीभ जड झाली, पण बोलता येत होतं. रुग्णालयातून सुटल्यावर त्यांना आपल्या घरी आणायचं रेणुकानं ठरवलंच होतं. मागची खोली रिकामी करून तिनं पलंगसुद्धा टाकला होता. तुषार म्हणाला, ‘आधी एक महिना शहराबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात ठेवू, तिथं व्यायाम करून घेतात.’ महिना संपल्यावर ती नानांना न्यायला गेली, तेव्हा नाना स्वतःच म्हणाले होते, “मला इथं बरं वाटतंय. सोबत आहे, पोरी सेवा करतात. तू आपला संसार बघ.” ती अक्षरं तिनं पुन्हा पुन्हा वाचली होती. तिला थोडं लागलंही होतं. आपल्या घरापेक्षा नानांना ही परकी जागा आवडावी! पण माणूस म्हातारपणी कुठे सुखी राहील, ते त्यालाच ठाऊक, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. तेव्हापासून दर रविवारी ती आणि तुषार जात. ती डाव्या हाताची नखं कापून देई, केसांना तेल लावी. नाना बोलत, ती वाचे आणि म्हणे, “छान, नाना. खूप छान.” कधी कधी नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या आजारात माणूस कारण नसताना रडतो, मनावर घेऊ नका.

त्या रविवारी नाना खिडकीशी खुर्चीत बसले होते. रेणुका आत आली तसं त्यांनी मान वळवली. ओढलेले ओठ हलले.

“आलीस.” अक्षरं एकेक करून येत होती. “आता परत... तेच. हसशील... आणि जाशील.”

रेणुकाच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

“नाना? काय म्हणालात?”

“घरी... न्यायचं नसेल... तर येऊ नकोस.”

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिला वाटलं, चष्माच बिघडलाय. बिघडलेलाच असणार. तिनं नानांचा चांगला हात हातात घेतला.

“नाना, तुम्हीच म्हणालात ना, इथं बरं वाटतंय म्हणून?”

नाना तिच्याकडे बघत राहिले. ती नजर रेणुका पुढे कधीच विसरली नाही. त्या नजरेत राग नव्हता. आपल्या पोरीला वेड तर लागलं नाही ना, असं ते बघत होते.

“मी?” अक्षरं म्हणाली. “मी कधी? पहिल्या दिवसापासून... सांगतोय. हातापाया पडून सांगितलं. मला सिन्नरला ने. नाहीतर तुझ्याकडे ने. कोपऱ्यात... पडून राहीन. तू म्हणतेस, छान नाना. खूप छान.”

आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

दारात औषधाचा ट्रे घेऊन सिस्टर उभी होती. रेणुका तिच्याकडे धावली. “सिस्टर, नाना आत्ता काय म्हणाले? तुम्ही ऐकलंत ना? मला सांगा, काय म्हणाले?”

सिस्टर गोंधळली. “घरी न्या म्हणाले. रोजच म्हणतात, ताई. मी तुम्हाला मागेसुद्धा सांगितलं होतं की, यांना इथं करमत नाही, जेवण टाकतात. तुम्ही म्हणालात, ‘थँक्यू सिस्टर, तुमच्यामुळेच ते इतके खूश आहेत.’ मग आम्ही काय समजायचं? आम्हाला वाटलं, तुम्हाला न्यायचंच नाही.”

रेणुका तिथून निघाली ती तडक दुकानात गेली. रविवार असल्यामुळे शटर अर्धं खाली होतं. आत तबस्सुम एकटीच हिशोब मिटवत होती. रेणुका शटरखालून वाकून आत शिरली आणि काळा चष्मा काढून तिच्यासमोर ठेवला. मग आपल्याला उत्तर वाचता येणार नाही हे लक्षात आल्यावर तिनं तो परत लावला.

“यात दोष आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज किती चढला होता, ते तिला कळत नव्हतं. “हा भलतंच दाखवतो. माणसं बोलतात एक, आणि हा दाखवतो दुसरंच.”

तबस्सुमनं चष्मा तिच्या डोळ्यांवर असतानाच संगणकाला जोडून तपासला. स्वतः एक वाक्य बोलली, मग पडद्यावर तेच वाक्य दाखवलं. “यात काही दोष नाही, मॅडम. हा यथातथ्य पातळीवर आहे. दुकानातले सगळे तसेच असतात. बोललं ते दिसतं.” ती थांबली. “तुमचा कोणत्या पातळीवर होता?”

“पातळी म्हणजे?”

तबस्सुमनं मोडका कॉफी रंगाचा चष्मा ड्रॉवरमधून काढून तारेनं संगणकाला जोडला. पडदा बघता बघता तिचा चेहरा बदलला. तिनं रेणुकाला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. ती सावकाश, स्पष्ट बोलत होती.

यंत्र दोन टप्प्यांत काम करतं, असं ती म्हणाली. पहिल्या टप्प्यात आवाजाचे शब्द होतात. पण माणसं बोलतात ती अर्धवट, अडखळत, मध्येच विषय सोडून. ते जसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल. म्हणून दुसऱ्या टप्प्यात यंत्र वाक्य नीट करतं. ‘ते हे काय ना, उद्या जमेल का, म्हणजे नाहीच जमणार’ याचं ‘उद्या जमणार नाही’ असं करतं. आता हे नीट करणं किती करायचं, ते ठरवता येतं. जुजबी झाडलोट करायची, की बोलणाऱ्याचा रोखही बदलायचा. सगळ्यात वरची पातळी सौम्य. कान अचानक गेलेली माणसं पहिले काही महिने फार खचलेली असतात. जगाशी नातं तुटल्यासारखं त्यांना वाटतं, काही जण जिवाचं बरंवाईट करून घेतात. त्यांच्यासाठी ही पातळी केलेली आहे. चष्म्याच्या काडीत, कानशिलाशी, नाडी मोजणारा एक बारीक दिवा असतो. कुठलं वाक्य वाचून नाडी उसळली, ते यंत्र लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी तसलं वाक्य आलं की नाडी उसळणार नाही असं दुसरं वाक्य त्याजागी ठेवतं.

“म्हणजे,” रेणुका म्हणाली, “जे वाचून मला सगळ्यात जास्त त्रास होईल...”

“ते सगळ्यात जास्त बदलतं,” तबस्सुम म्हणाली. “ते त्याचं कामच आहे, मॅडम.”

नाना पहिल्यांदा ‘मला घरी ने’ म्हणाले असतील, तेव्हा रेणुकाची नाडी उसळली असेल. ते वाक्य कदाचित तिला अर्धंमुर्धं दिसलंही असेल. त्यानंतर ते तिच्यापर्यंत कधीच येणार नव्हतं, कारण तिचं नानांवर इतकं प्रेम होतं.

“ही पातळी कुणी लावली? मी तर लावली नाही.”

“तुम्ही रुग्णालयात होतात ना चष्मा घेतला तेव्हा. जोडखातं आहे. तुषार भामरे.” तबस्सुम खाली बघत म्हणाली. “डॉक्टरांच्या सल्ल्यानं लावलीय, पहिल्या तीन महिन्यांसाठी. मग दर तीन महिन्यांनी यंत्र विचारतं, ‘चालू ठेवायची का?’ त्यांनी दर वेळी हो म्हटलंय.”

संध्याकाळी तुषार परत आला तेव्हा रेणुका स्वयंपाकघरात कणीक मळत होती. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं ती काढली होती. तुषारनं बॅग ठेवली, दाराशी उभा राहून तो हसला. त्याचं हसणं फार चांगलं होतं. लग्न ठरताना तिला आधी आवडलं होतं ते तेच. ऐकू येईनासं झाल्यापासून ती त्या हसण्याकडे बघूनच दिवस काढत आली होती. आणि त्याच्या शेजारी रोज उमटणाऱ्या त्या अक्षरांकडे, ‘दमलीस का, रेणू? बस जरा, मी चहा करतो.’

“नाना आज छान होते,” ती म्हणाली.

तुषार हसतच होता. “झालं तुझं नानापुराण सुरू,” अक्षरं आली. “पहिलं खायला दे काहीतरी.”

तोच चेहरा, तीच गालावरची खळी. रेणुकानं कणकेतून हात काढले.

“पुन्हा म्हण.”

“काय?” मग त्याचं लक्ष चौकटीकडे गेलं. हसू गेलं. “हा चष्मा कुठला?”

“दुकानाचा. माझा मोडला.”

त्याला सगळं कळलं आहे, हे तिला दिसलं. त्यानं खुर्ची ओढली, पण बसला नाही.

“डॉक्टरांनीच सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“तीन महिने.”

“तू आठव ना तेव्हा कशी होतीस. रात्र-रात्र बसून राहायचीस. बाल्कनीचं दार मी कुलूप लावून ठेवायचो. मग तो चष्मा आला आणि तू हसायला लागलीस. तीन महिन्यांनी त्यानं विचारलं, चालू ठेवायची का. मी नाही म्हणायला हवं होतं? पुन्हा तुला त्या खड्ड्यात ढकलायला हवं होतं?”

“मला विचारायला हवं होतंस.”

“विचारलं असतं तर तू बंदच करायला लावली असतीस.”

“हो. लावली असती.”

रेणुकाला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची भीतीही वाटत होती. “मला कधी तू खरंच विचारलंस का, दमलीस का म्हणून?”

“विचारायचो. सुरुवातीला रोज विचारायचो.” तो खरं बोलत होता. त्याची मान खाली गेली नाही, त्यावरून तिला ते कळलं. “मग एक दिवस ऑफिसातून वैतागून आलो, काहीतरी तोडून बोललो. तू तशीच हसलीस. चहा आणलास. नंतर कळलं की, काहीही बोललं तरी तू हसतेसच. मग... सवय लागली, रेणू. मुद्दाम नाही केलं. चांगलं बोलायला माणसाला कष्ट पडतात. आणि इथं ते कष्ट न घेता चालून जात होतं.”

दोन वर्षं ती ज्या माणसाबरोबर राहिली होती, त्याची वाक्यं कुठल्या तरी यंत्रानं रचली होती, आणि जो माणूस खरंच घरात वावरत होता त्याच्याशी तिची ओळखच नव्हती. पण हे सगळं नंतर. आधी दुसरंच होतं.

“तू ती पातळी बंद का केली नाहीस, ते मला कळतं,” ती म्हणाली. “पण नाना. नाना तिथं काय म्हणतात, ते तुला माहीत नव्हतं, असं सांग. मी विश्वास ठेवीन.”

तुषारनं तिच्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. कदाचित दोन वर्षांच्या सवयीनं त्याला ते जमेनासं झालं होतं, खोटं बोलण्याचं काम दुसरंच कुणीतरी करत होतं ना.

“मी दर रविवारी तुझ्याबरोबर तिथं असतो, रेणू,” अक्षरं म्हणाली. “मला ऐकू येतं.”

दुसऱ्या दिवशी तिनं नानांना सिन्नरला नेलं. जाताना कपडे, नानांची औषधं आणि काळा चष्मा, एवढंच बरोबर घेतलं. प्रयोगशाळेत तिनं सिन्नरहून ये-जा करण्याची परवानगी मागितली. ती नाही मिळाली तर काय, याचा विचार तिनं पुढे ढकलला. शेजारच्या गयाबाई दिवसभर नानांजवळ बसायला तयार झाल्या. घर बंद राहून धुळीनं भरलं होतं. नानांना व्हरांड्यात खुर्चीवर बसवून तिनं ते दोन दिवस धुतलं. नाना तिला तिथून सूचना करत होते. कपाटाखालचं राहिलं, देवाचं तांब्याचं ताम्हन तसं नको ठेवूस, पालथं घाल. ती वाचत होती आणि करत होती.

तिला वाटलं होतं, घरी आणलं की नाना मोकळे होतील. पण ते कामापुरतंच बोलत. तिनं भरवलं की खात, तेल लावलं की मान पुढे करत. शेवटी एका दुपारी तिनं त्यांच्यासमोर पाट घेऊन बसून सगळं सांगितलं. चष्मा कसा चालतो, पातळी म्हणजे काय, नाडी, दिवा, तुषारचं जोडखातं. नाना शांतपणे ऐकत होते. आयुष्यभर कालव्यांची दारं कधी उघडायची, कुणाला किती पाणी सोडायचं हेच पाहिलेला माणूस. त्यांना ते समजायला वेळ लागला नाही.

“म्हणजे मी एक बोलायचो,” ते म्हणाले, “आणि तुझ्याकडे... दुसरंच पोचायचं.”

“हो, नाना.”

“आणि मी रडायचो... ते?”

“ते डॉक्टर म्हणाले होते की, या आजारात कारण नसताना...”

“डॉक्टर म्हणाले.” नानांनी चांगला हात वर केला, तिला थांबवलं. “चष्मा म्हणाला. डॉक्टर म्हणाले. समोर... मी बसलेलो. माझं तोंड... तुला दिसत होतं ना?”

“दिसत होतं.”

“मग तू काय म्हणालीस?”

ते रडताना काहीतरी चुकतंय असं दर वेळी वाटायचं, हे रेणुकाला आठवलं. दर वेळी तिनं ते अक्षरांकडे बघून गप्प केलं होतं, कारण अक्षरं सांगत होती की सगळं छान आहे, आणि सगळं छान असावं अशी तिचीही इच्छा होती. हे तिनं नानांना सांगितलं नाही. थोड्या वेळानं नाना म्हणाले, “ऊन आलं तोंडावर. खुर्ची सरकव.” तिनं सरकवली.

तुषारचे निरोप येत होते. फोनवर लांबलचक, सुंदर लिहिलेले. ‘तुझ्याशिवाय घर पोरकं झालं आहे. मी जे केलं त्याला क्षमा नाही, पण मला ती मागण्याची एक संधी दे.’ वाचताना एखादेवेळी ती उत्तर लिहायला घ्यायची आणि लगेच विचार करायची, हे कुणी लिहिलंय? फोनमध्ये पत्रं लिहून देणारं काय काय असतं, ते तिला माहीत होतं. चार शब्द सांगितले की बाकीचं तेच रचतं. ‘पोरकं’ हा शब्द तुषारनं तिच्यासमोर आयुष्यात कधी वापरला नव्हता. किंवा वापरला असेल, तिला ऐकू येत होतं तेव्हा. तिला आठवेना. प्रेमाच्या एकेका शब्दाला असं उलटून-पालटून बघावं लागणं, हे तिला सगळ्यात जास्त लागत होतं. तिनं उत्तरं दिली नाहीत.

मग एका रविवारी तो स्वतःच आला. फाटकाची कडी काढून अंगणात उभा राहिला. तो वाळला होता. रेणुका व्हरांड्यात आली.

“तू बोल,” ती म्हणाली. “हा काळा चष्मा मी विकत घेतलाय. जे बोलशील ते दिसेल.”

“मी गाडीत बसून पाठ करून आलो होतो,” तो म्हणाला. “ते सगळं विसरलो. तू... चल ना घरी. म्हणजे, नानांना पण घेऊन. मागच्या खोलीत. मी पलंग... आहेच तो पलंग. मी बोलेन नीट. मला येतं नीट बोलता, मी विसरलो होतो.”

अडखळतं, तुटकं बोलणं. यंत्रानं काही झाडलं नव्हतं, काही जोडलं नव्हतं. रेणुकाला वाटलं, हे खरं आहे. हा तुषारच बोलतोय. तिचं मन त्याच्याकडे झुकलं, नाही असं नाही. एवढ्यात तो तिच्या मागे बघायला लागला. तिनं वळून पाहिलं. नाना दारात आले होते. चार पायांच्या काठीवर सगळा भार टाकून, उजवा पाय ओढत, एकटे.

“या, तुषारराव,” ते म्हणाले. “बसा.”

तुषार व्हरांड्याच्या पायरीवर बसला. रेणुकानं नानांना खुर्ची दिली. ती दोघांच्या मधे उभी राहिली, म्हणजे दोघांचीही अक्षरं दिसतील.

“मी तिला विचारलं,” नाना सावकाश म्हणाले. “तिला उत्तर... देता आलं नाही. तिची चूक... ती भोगतेय. आता तुम्हाला विचारतो. मी तिला सांगायचो. ती वाचायची. तुम्ही दाराशी... उभे असायचात. तुम्ही काय करायचात?”

तुषारनं मान खाली घातली. “मला वाटायचं की, तिथं तुमची सोय...”

“नाही,” नाना म्हणाले. “मी विचारलं ते... सांगा.”

अंगणात ऊन चढलं होतं. शेजारच्या घराच्या पत्र्यावर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. तुषारचे ओठ हलले, पण अक्षरं आली नाहीत. आवाज फुटला नसावा. मग आली.

“ऐकत होतो. तुम्ही म्हणायचात ते सगळं ऐकत होतो. ती हसली की मला सुटल्यासारखं वाटायचं. मला तुम्ही घरी नको होतात.”

नानांनी मान हलवली. कितीतरी वेळ अडून राहिलेलं काही मार्गी लागावं, तशी.

“हां,” ते म्हणाले. “आता बोललात. आता जा.”

तुषारनं रेणुकाकडे पाहिलं. ती नानांशी काही बोलेल, निदान ‘चहा घेऊन जा’ म्हणेल, अशी त्याला आशा असावी. दोन वर्षं तिनं त्याच्या कुठल्याही शब्दाला हसून उत्तर दिलं होतं. आता ती हसली नाही. रागही तिनं दाखवला नाही. त्यानं खरं सांगितलं होतं, म्हणून तिला त्याच्याकडे बघता आलं, इतकंच. त्या खऱ्याबरोबर एका घरात राहणं तिला जमणार नव्हतं.

तो उठला. फाटकापाशी पोचल्यावर, गाडीच्या आणि अंगणाच्या मधे कुठेतरी, पाठमोरा असताना तो काहीतरी बोलला. त्याचे खांदे हलल्याचं तिला दिसलं. अंतर जास्त होतं, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होता. त्याच्या खांद्याशेजारी हवेत फक्त तीन ठिपके उमटले. न कळलेलं वाक्य काळा चष्मा असंच दाखवत असे. तिच्या जुन्या चष्म्यात असे ठिपके कधीच आले नव्हते. तिथं मोकळ्या जागेत काहीतरी गोड भरलेलं असायचं.

ते ठिपके थोडा वेळ तरंगत राहिले आणि विरले. ‘काय म्हणालास?’ असं तिनं विचारलं नाही.

गाडी गेल्यावर ती आत वळली. नाना उठण्याच्या खटपटीत होते, काठी हाताला लागत नव्हती. काठी त्यांच्या हातात देण्याआधी ती त्यांच्यासमोर थांबली आणि तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ओढलेलं तोंड, एक डोळा अर्धा मिटलेला, दुसरा कोरडा.

“दमलात,” ती म्हणाली.

नानांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि भार टाकला.